उजेड देऊन वेळ घेणारी काच

ड्रोनच्या कॅमेऱ्याचं भिंग घडवणारे अभियंते प्रकाशाच्या एकेका कणासाठी झटतात. भिंगाच्या प्रत्येक पृष्ठभागावर परावर्तन रोखणारे लेप चढवतात, प्रकाश आत घेणारं छिद्र जमेल तेवढं मोठं ठेवतात, सेन्सरवरचं वायरिंग प्रकाशाच्या वाटेत येऊ नये म्हणून ते पाठीमागे नेतात. एवढी मेहनत पोटात घेऊन आलेला ड्रोन माणूस विकत घेतो, आणि वर आणखी पैसे मोजून नखाएवढी एक काळपट काच आणतो. ती काच भिंगावर बसली की येणाऱ्या प्रत्येक ६४ प्रकाशकणांपैकी ६३ बाहेरच राहतात. आणि व्हिडिओ बिघडायच्या ऐवजी सुधारतो!

या काचेचं नाव न्यूट्रल डेन्सिटी फिल्टर. ड्रोन उडवणारे नुसतं ‘एनडी’ म्हणतात. ऊन फार असतं, म्हणून उजेड कमी करायचा, एवढंच स्पष्टीकरण बहुतेकदा ऐकायला मिळतं. ते चूक नाही, पण अपुरं आहे. उजेड आवरायला कॅमेऱ्याकडे स्वतःचे उपाय असतात. काच न लावताही भर दुपारचा व्हिडिओ पांढराफटक पडत नाही. काचेचं खरं काम वेळेशी निगडित आहे. ते कळायला आधी ऊन म्हणजे नेमकं किती ऊन, हे बघावं लागतं.

डोळा लपवतो तो हिशेब

संध्याकाळी घरात दिवे लावून बसलं की टेबलावर साधारण १०० ते ३०० लक्स उजेड असतो. निरभ्र दुपारी अंगणात तोच आकडा १ लाख लक्सच्या घरात जातो. म्हणजे उंबरठा ओलांडला की उजेड काही शे पटींनी वाढतो, आणि आपण फक्त डोळे किलकिले करतो. पौर्णिमेच्या चांदण्यात जेमतेम पाव लक्स असतो, तरी पायवाट दिसते. ऊन आणि चांदणं यांतलं हे अंतर अठराव्या शतकात पिएर बुगेर या फ्रेंच शास्त्रज्ञाने मेणबत्तीचा उजेड हे माप धरून काढलं होतं. सूर्य पूर्ण चंद्राच्या सुमारे ३ लाख पट तेजस्वी, असं त्याचं उत्तर आलं. आजच्या उपकरणांनी ते ४ लाखांच्या आसपास येतं. मेणबत्तीच्या बळावर एवढ्या जवळ पोचलेला हा बुगेर पुढे आपल्याला पुन्हा भेटणार आहे.

आपल्या डोळ्याची बाहुली साधारण २ मिलिमीटरपासून ८ मिलिमीटरपर्यंत उघडते. म्हणजे क्षेत्रफळात १६ पटींचा फरक. उरलेले हजारो पटींचे चढउतार डोळ्याच्या पडद्यातल्या पेशी आणि मेंदू आपापसांत मिटवून टाकतात, आणि आपल्याला त्याचा पत्ताही लागू देत नाहीत. कॅमेऱ्याला असा मध्यस्थ नाही. स्वच्छ उन्हात एका चौरस सेंटिमीटरवर दर सेकंदाला दृश्य प्रकाशाचे १ वर १७ शून्यं इतके कण कोसळतात, आणि त्यातून भिंगात शिरलेल्या प्रत्येकाची दखल सेन्सरला घ्यावी लागते.

कॅमेऱ्याच्या हाती यावर तीन उपाय असतात. भिंगाचं छिद्र, म्हणजे ॲपर्चर, लहान करायचं. शटर कमी वेळ उघडं ठेवायचं. किंवा आयएसओ, म्हणजे सेन्सरची संवेदनशीलता, खाली आणायची. आयएसओ बहुतेक ड्रोनमध्ये १००च्या खाली जात नाही, तेव्हा तो उपाय लगेच संपतो. उरले दोन. आणि लहान ड्रोनच्या बाबतीत त्यातलाही एक मुळातच काढून घेतलेला असतो.

न बदलणारं छिद्र

मोठ्या कॅमेऱ्यात छिद्र हवं तेवढं आवळता येतं. काही महागड्या ड्रोनमध्येही एफ/२.८ ते एफ/११ अशी सोय असते (एफपुढचा आकडा जेवढा मोठा, तेवढं छिद्र लहान). पण खिशात मावणाऱ्या बहुतेक ड्रोनचं छिद्र कायमचं एकाच मापाचं असतं, कुठे एफ/२.८, कुठे एफ/१.७. जागा आणि वजन वाचवणं हे त्याचं एक कारण. दुसरं कारण प्रकाशाच्या स्वभावातच आहे.

प्रकाश ही लाट आहे, आणि लहान छिद्रातून जाताना लाट पसरते. त्यामुळे आकाशातल्या एका ताऱ्याचं भिंगातून उमटणारं चित्र कधीच बिंदू नसतं. तो एक ठिपका असतो, भोवती फिकट वलयं असलेला. इंग्लंडच्या जॉर्ज एअरी यांनी १८३५ मध्ये या ठिपक्याचं गणित मांडलं, म्हणून त्याला एअरीची चकती म्हणतात. छिद्र जेवढं लहान, तेवढी ही चकती मोठी. लहान ड्रोनच्या भिंगाचं नाभीय अंतर ७ मिलिमीटरच्या आसपास असतं. तिथे एफ/१६ म्हणजे अर्ध्या मिलिमीटरहूनही बारीक भोक. त्यातून हिरव्या प्रकाशाची चकती २१ मायक्रॉनहून मोठी पडते. आणि अशा सेन्सरवर फोरके व्हिडिओचा एक बिंदू टिपणारी जागा असते साधारण २.४ मायक्रॉनची. म्हणजे एकेक बिंदू नऊ बिंदूंइतका रुंद पसरेल आणि सगळं चित्र धूसर होईल. एफ/१.७ला मात्र ही चकती २.३ मायक्रॉनची, जवळजवळ एका बिंदूत बसणारी. मोठं छिद्र ही अशा इवल्या कॅमेऱ्यासाठी चैन नसते. चित्र रेखीव हवं असेल तर ती सक्ती असते.

तेव्हा सगळा भार येतो शटरवर. फिल्मच्या जमान्यातल्या छायाचित्रकारांना ‘सनी सिक्स्टीन’ नावाचा नियम तोंडपाठ असायचा: निरभ्र उन्हात छिद्र एफ/१६, आणि फिल्म १०० आयएसओची असेल तर शटर १/१०० सेकंद. प्रकाशमापक जवळ नसला तरी फोटो बरोबर येणार. आता छिद्र एफ/१६वरून एफ/२.८ला आणलं तर आत येणारा उजेड ३२ पट होतो. मग शटरला १/३२०० सेकंदात मिटावं लागतं. एफ/१.७ असेल तर सेकंदाच्या जवळपास नऊ हजाराव्या भागात. ड्रोनचं इलेक्ट्रॉनिक शटर हे काम न कुरकुरता करतं. ऑटोवर ठेवलेला ड्रोन उन्हात नेमकं हेच करत असतो, आणि आपल्याला उजेडात काहीच चुकलेलं दिसत नाही.

पण व्हिडिओत काहीतरी खटकत राहतं.

सेकंदाचा एकशे अठ्ठाविसावा भाग

मे महिन्यातली कोकणातली दुपार घेऊ. ड्रोन माडांच्या शेंड्यांवरून पाच मीटर उंचीने चालला आहे. कॅमेरा खाली रोखलेला, वेग सेकंदाला १० मीटर, व्हिडिओ सेकंदाला २५ फ्रेमचा. दोन फ्रेमच्या दरम्यान ड्रोन ४० सेंटिमीटर पुढे जातो. शटर १/३२०० असेल तर या ४० सेंटिमीटरपैकी फक्त ३ मिलिमीटरचा प्रवास चित्रात नोंदला जातो. बाकीचे साडेएकोणचाळीसहून जास्त सेंटिमीटर कॅमेरा डोळे मिटून काढतो. एका सेकंदाचा हिशेब केला तर २५ फ्रेम मिळून सेन्सरने प्रत्यक्ष पाहिलं ते सेकंदाच्या १२८व्या भागाइतकंच. उरलेले १२७ भाग कुठे नोंदलेच गेले नाहीत.

पडद्यावर याचा परिणाम असा होतो: साधारण ७४ अंशांचं दृश्य टिपणाऱ्या भिंगातून पाच मीटर खालची झावळी एका फ्रेममधून दुसऱ्या फ्रेममध्ये जाताना ३८४० बिंदूंच्या रुंदीत सुमारे २०० बिंदू उडी मारते. प्रत्येक फ्रेममध्ये ती कातरलेली, झावळीची पात न् पात मोजता येईल अशी. पण एका जागेवरून दुसऱ्या जागी ती कशी पोचली याचा पुरावाच नाही. मेंदूला सेकंदाला २५ सुटे फोटो मिळतात. वाहती हालचाल मिळत नाही. म्हणून चित्र अडखळल्यासारखं, टकटक केल्यासारखं दिसतं. गंमत अशी की यात दोष कुठल्याच फ्रेमचा नाही. कुठलीही एक फ्रेम थांबवून बघा, उत्तम आहे. जे बिघडलं आहे ते दोन फ्रेमच्या मधल्या जागेत आहे.

अर्ध्या चकतीची परंपरा

ही मधली जागा किती ठेवायची, हा प्रश्न ड्रोनपेक्षा शंभर वर्षांनी जुना आहे. दादासाहेब फाळके १९१२ मध्ये इंग्लंडहून जो कॅमेरा घेऊन आले तो हाताने हँडल फिरवून चालवायचा होता. त्या काळच्या चित्रपट कॅमेऱ्यांत फिल्मसमोर एक फिरती चकती असे, तिचा काही भाग कापलेला. कापलेला भाग समोर आला की फिल्मवर प्रकाश पडायचा. भरीव भाग समोर आला की अंधारात फिल्म एक घर पुढे सरकायची. फिल्म सरकवायला वेळ हवाच, म्हणून चकती साधारण अर्धी उघडी, अर्धी बंद. वर्तुळाचे ३६० अंश, त्यातले १८० उघडे. याच यंत्राच्या गरजेतून ‘१८० अंशांचं शटर’ हे माप रूढ झालं: प्रत्येक फ्रेमच्या वेळेपैकी अर्धा वेळ बघायचं, अर्धा वेळ डोळे मिटायचे.

१९२०च्या दशकाच्या शेवटी बोलपट आले आणि सेकंदाला २४ फ्रेम हा वेग ठरून गेला. २४ फ्रेमला अर्ध्या चकतीचा हिशेब लावला की शटर येतं १/४८ सेकंद. गेली नव्वदहून अधिक वर्षं जगभरच्या प्रेक्षकांनी पडद्यावर हालचाल पाहिली ती बहुतांशी याच मापाने, त्यात धावणाऱ्या घोड्याचे पाय किंचित पुसट असतात आणि तेच खरं वाटतं. आजच्या डिजिटल कॅमेऱ्यात चकती नाही. तरी नियम टिकला आहे, आणि लक्षात ठेवायला अगदी सोपा आहे: फ्रेमची संख्या दुप्पट करा, तेवढ्याव्या भागाचं शटर ठेवा. २५ फ्रेमला १/५०, ३०ला १/६०, ६०ला १/१२०.

फाळक्यांचा प्रश्न मात्र आपल्या उलटा होता. त्यांची फिल्म इतकी मंद होती की भरपूर ऊन मिळालं तरच चित्र उमटायचं. आपला सेन्सर इतका तल्लख की उन्हाचं काय करायचं हा प्रश्न. कॅमेरा वेळेशी खेळू शकतो हे फाळक्यांनी फार लवकर ओळखलं होतं. ‘राजा हरिश्चंद्र’साठी भांडवल उभं करताना त्यांनी ‘अंकुराची वाढ’ नावाची छोटी फिल्म केली. कुंडीतल्या रोपट्याच्या अनेक दिवसांच्या वाढीचे थोडे थोडे तुकडे टिपून त्यांनी ती वाढ मिनिट-दोन मिनिटांत दाखवली. दिवस दाबून मिनिटांत बसवण्याची ती करामत होती. एनडी फिल्टर क्षणाच्या पोटात तशीच एक करामत करतो.

चौसष्टात एक

नियम म्हणतो शटर १/५० ठेवा. ऊन म्हणतं १/३२००. दोन्हींत ६४ पटींचा फरक. छिद्र बदलत नाही, आयएसओ खाली जात नाही. तेव्हा ६४ पटींचा फरक बाहेरूनच मिटवायचा: ६४ कणांतला एकच आत सोडणारी काच लावायची. हा झाला एनडी६४.

यातली अद्भुत गोष्ट सहज नजरेतून निसटते. काच नसताना सेन्सरच्या एका बिंदूवर १/३२०० सेकंदात जेवढे प्रकाशकण पडत होते, बरोबर तेवढेच काच लावल्यावर १/५० सेकंदात पडतात. एकही कमी नाही. दोन्ही व्हिडिओ शेजारी शेजारी ठेवले तर उजेडात फरक दिसणार नाही, सावल्यांमधला दाणेदारपणाही सारखाच राहील. फरक एवढाच की आधीचे कण वेळेच्या एका निमुळत्या फटीतून एकदम आले होते. आताचे ६४ पट लांब पसरलेल्या वेळेतून निवडून घेतलेले आहेत. मोठ्या धारेने क्षणात भरणारा हंडा नळाची धार बारीक करून सावकाश भरावा, तसं. पाणी तेवढंच. पण आता भरण्याच्या सगळ्या वेळात काय काय घडलं त्याचा अंश हंड्यात आहे. मघाची झावळी आता २०० बिंदूंची उडी मारण्याऐवजी त्यातलं निम्मं अंतर, सुमारे १०० बिंदू, चित्रातच पुसटसं आखत जाते. मेंदूला दोन फ्रेम जोडायला धागा मिळतो. चित्र वाहू लागतं.

काचेवरचे आकडे २, ४, ८, १६, ३२, ६४ असे दुपटीने का चढतात, याचं उत्तर बुगेरकडे आहे. १७२९ मध्ये त्याने दाखवून दिलं की एकाच पदार्थाचे सारख्या जाडीचे थर एकापुढे एक ठेवले तर प्रत्येक थर प्रकाशाचा ठरावीक आकडा खात नाही, ठरावीक हिस्सा खातो. पहिला थर निम्मा प्रकाश अडवत असेल तर दुसरा उरलेल्याच्या निम्मा अडवतो, तिसरा त्याहून उरलेल्याच्या निम्मा. वजाबाकी नाही, भागाकार. छायाचित्रकार प्रत्येक निम्मेपणाला एक ‘स्टॉप’ म्हणतात. एनडी८ म्हणजे तीन स्टॉप, एनडी६४ म्हणजे सहा, आणि धबधबे दुधासारखे करणारा प्रसिद्ध एनडी१००० म्हणजे दहा.

काही डब्यांवर ६४ऐवजी १.८ असा आकडा दिसतो. तो बुचकळ्यात टाकतो, पण काच तीच असते. फर्डिनांड हर्टर आणि व्हेरो ड्रिफील्ड या इंग्लंडमध्ये काम करणाऱ्या दोघांनी १८९० मध्ये प्रकाशाचा अडथळा लॉगरिदममध्ये मोजायची पद्धत मांडली आणि त्या मापाला ‘डेन्सिटी’ म्हटलं. ६४चा लॉगरिदम १.८, ८चा ०.९. दोन एनडी८ एकावर एक ठेवले तर आठ गुणिले आठ चौसष्ट. डेन्सिटीत बघितलं तर ०.९ अधिक ०.९, म्हणजे १.८. गुणाकाराची बेरीज झाली. फिल्टरच्या नावातली ‘डेन्सिटी’ ती हीच.

उरलं ‘न्यूट्रल’. लाल, हिरवा, निळा, सगळ्यांना सारखंच अडवायचं, कुणाची बाजू घ्यायची नाही. हे बोलायला सोपं आणि बनवायला अवघड. साध्या काळ्या काचेतून निळा थोडा जास्त अडतो, लाल थोडा जास्त सुटतो, आणि हिरवीगार शेतं तपकिरी झाकोळतात. डोळ्याला न दिसणारे अवरक्त किरण ही आणखी एक डोकेदुखी. गडद काचेने दृश्य प्रकाश अडवला आणि अवरक्त तसेच सोडले तर सेन्सरवर त्यांचं प्रमाण वाढतं आणि काळे कपडे तांबूस दिसायला लागतात. म्हणून चांगल्या फिल्टरमध्ये काच रंगवण्यावर न भागवता तिच्यावर निर्वातात धातूचा अतिपातळ थर चढवतात. स्वस्त आणि महाग फिल्टरमधला खरा फरक अंधारात नसतो, या तटस्थपणात असतो.

पंख्यांच्या सावल्या

ड्रोनला आणखी एक दुखणं आहे जे जमिनीवरच्या कॅमेऱ्याला नाही. त्याच्या डोक्यावर चार पंखे गरगरत असतात. सूर्य समोरून आणि वरून असला की पात्यांच्या सावल्या भिंगावर पडतात.  

समजा पंखा मिनिटाला ६,००० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला १००. १/३२०० सेकंदात तो ११ अंशच फिरेल. म्हणजे सावली जवळजवळ गोठलेली पकडली जाईल. त्यात सेन्सर सगळं चित्र एकदम टिपत नाही, वरून खाली ओळीओळीने वाचतो. प्रत्येक ओळीच्या वेळी सावली वेगळ्या जागी. परिणाम: चित्रावरून सरकणारे काळसर पट्टे. शटर १/५० केलं की त्याच वेळात पंखा पूर्ण दोन फेरे घेतो, दोन पात्यांच्या पंख्याची सावली चारदा येऊन जाते, आणि तिचा परिणाम सगळ्या ओळींवर सारखा पसरून विरून जातो.

ओळीओळीने वाचण्याचा दुसरा त्रास म्हणजे ज्याला उडवणारे ‘जेलो’ म्हणतात तो. मोटरींची बारीक थरथर कॅमेऱ्यापर्यंत पोचली की इमारतीच्या सरळ कडा वळवळताना दिसतात. शटर लांब झालं की ही थरथर प्रत्येक ओळीत सरासरीने मिसळते आणि वळवळ सौम्य होते. पण इथे सावध राहिलेलं बरं. काच दुखणं झाकते, बरं करत नाही. पातं चिरलेलं असेल, कॅमेरा तोलून धरणाऱ्या गिंबलचं रबर सैल झालं असेल, तर ते बदलायलाच हवं.

कोणती काच, कधी

हिशेब एकदा कळला की डब्यातली काच निवडणं अवघड राहत नाही. निरभ्र दुपार, एफ/२.८चं भिंग, २५ किंवा ३० फ्रेम: एनडी६४. छिद्र एफ/१.७चं असेल तर एनडी१२८ आणि वर. किनाऱ्यावरच्या पांढऱ्या वाळूवर ऊन उलटं फेकलं जातं, तिथे आणखी एक पायरी गडद. ढगाळ हवेत उजेड दोन-तीन स्टॉपने उतरतो, म्हणून एनडी१६ किंवा एनडी८. पावसाळ्यातल्या दाट ढगांखाली आणि सूर्य कलल्यावर एनडी४, किंवा काहीच नाही. ६० फ्रेमला चित्रण करायचं असेल तर शटर निम्म्या वेळेचं, म्हणून काचही एक पायरी हलकी. शटर नेमकं १/५०वरच बसायला हवं असंही नाही. १/४० ते १/८०च्या दरम्यान आलं तरी डोळा तक्रार करत नाही.

उंचावर गेलेल्या ड्रोनची काच बदलता येत नाही, हीच खरी अडचण. ढग आला की खाली उतरवावा लागतो. उतरवल्यावर काच बदलण्याऐवजी नुसते फिरवून कमीजास्त करता येणारे फिल्टर मिळतात, आणि त्यांच्यामागे एक सुंदर गोष्ट आहे. १८०८ मध्ये पॅरिसमध्ये एत्येन-लुई मालुस यांनी मावळत्या सूर्याचं लक्झेंबर्ग राजवाड्याच्या खिडक्यांवरून आलेलं प्रतिबिंब कॅल्साइटच्या स्फटिकातून पाहिलं. स्फटिक नेहमीप्रमाणे दोन प्रतिमा दाखवत होता, पण तो फिरवताच त्यातली एक मंदावत गेली. काचेवरून परावर्तित झालेला प्रकाश एकाच दिशेने कंप पावतो, हे त्यातून कळलं. एकाच दिशेचा कंप सोडणाऱ्या दोन ध्रुवण-काचा एकमेकींवर ठेवून एक फिरवली तर किती प्रकाश सुटेल, याचा नियम मालुस यांच्याच नावाने ओळखला जातो. ६० अंशाला चौथा हिस्सा, ९० अंशाला जवळजवळ शून्य. बदलता एनडी तोच नियम वापरतो. रुंद भिंगावर, टोकाच्या गडदपणात, त्यात आकाशभर काळसर फुली उमटते, म्हणून जाणकार ड्रोनवर ठरावीक गडदपणाच्याच काचा पसंत करतात.

ध्रुवण जोडलेले एनडी फिल्टरही मिळतात. समुद्रावरची चकाकी कापून ते पाण्याखालचे खडक दाखवतात. पण हा परिणाम सूर्याच्या दिशेवर अवलंबून असतो. ड्रोन वळला की चकाकी परत येते, आणि निळं आकाश एका बाजूला गडद, दुसऱ्या बाजूला फिकट होतं. सरळ रेषेतल्या शॉटला ते छान, गोल फिरणाऱ्या शॉटला नको.

काच नको तेव्हा

ही काच सगळीकडे लावायचा मोह होतो. पण शंभर मीटर उंचीवरून त्याच वेगाने जाणाऱ्या ड्रोनला जमीन एका फ्रेममध्ये सुमारे १० बिंदूच सरकताना दिसते. तिथे १/५० आणि १/३२०० यांतला फरक बहुतेकांना ओळखूही येणार नाही. काचेचं मोल जमिनीलगत, झाडांमधून, लाटांवरून उडताना आहे.

फोटो काढायचे असतील तर काच सरळ काढून ठेवावी. फोटोला शेजारची फ्रेम नसते, त्याला गोठलेला क्षणच हवा. नकाशाच्या कामातही तसंच. २४ एप्रिल २०२० रोजी सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत गावठाणांचं ड्रोनने मोजमाप होऊन घरांच्या मिळकत पत्रिका तयार होतात. तिथे भिंतीची कड २० सेंटिमीटर पुसट झाली तर ती हद्दीची चूक ठरेल. जी पुसटता चित्रपटात सौंदर्य, तीच मोजणीत दोष.

आणि चित्रपटातही नियम मोडतात ते मुद्दाम. १९९८च्या ‘सेव्हिंग प्रायव्हेट रायन’मध्ये युद्धाची दृश्यं ४५ आणि ९० अंशांच्या शटरने चित्रित केली गेली. उडणारी माती दाणा न् दाणा दिसते, हालचाल तुटक होते आणि प्रेक्षकाच्या अंगावर येते. तुटकपणा हवा असेल तर जरूर घ्यावा. तो आपोआप, ऑटो मोडच्या मर्जीने येऊ नये.

उडवण्याआधी

काच ड्रोन सुरू करण्याआधी बसवावी. गिंबल इतका नाजूक तोललेला असतो की दुसऱ्या कॅमेऱ्याची जड काच त्याच्या मोटरींना पेलत नाही. आपल्याच मॉडेलसाठी बनवलेली, एखाद-दोन ग्रॅमची काच घ्यावी. वजनाचा संबंध कायद्याशीही येतो. ड्रोन नियम, २०२१ नुसार २५० ग्रॅमपर्यंतचा ड्रोन नॅनो वर्गात मोडतो, आणि २४९ ग्रॅमच्या ड्रोनवर वरून चिकटवलेल्या काचेमुळे ती सीमा ओलांडली जाऊ शकते. मूळ काच काढून तिच्या जागी बसणारे फिल्टर म्हणून बरे. हवाई क्षेत्राच्या नकाशावर आपली जागा हिरव्या क्षेत्रात आहे का ते पाहावं, तिथेही १२० मीटरच्या वर जाऊ नये. संरक्षित किल्ल्यांवर परवानगी लागते आणि मुंबईत पोलिसांचे ड्रोनबंदीचे आदेश वेळोवेळी निघतात, हेही ध्यानात ठेवावं.

घेताना डझनभर काचांचा संच घ्यायची गरज नाही. छिद्र एफ/२.८चं असेल तर एनडी१६, एनडी३२ आणि एनडी६४ या तिघी पुरतात, एफ/१.७चं असेल तर एनडी३२, एनडी६४ आणि एनडी१२८. मग एखाद्या निरभ्र दुपारी मोकळ्या जागी, झुडपांच्या थोडं वरून, एकच शॉट दोनदा घ्या: एकदा काच न लावता ऑटोवर, एकदा काच लावून शटर १/५०वर. फोनवर बघू नका, घरातल्या टीव्हीवर बघा. दुसरा शॉट जास्त आवडला तर काच तुमच्या कामाची आहे. फरकच जाणवला नाही तर तुम्ही फार उंचावरून उडवता. पैसे वाचवा आणि थोडं खाली या.